बिल्ट-इन डिशवॉशर : खरेदीपूर्वीचा जमाखर्च



बँकेतील माझ्या नोकरीची बरीच वर्षे कर्जविभागात गेली. एखादा उद्योजक नव्या यंत्रासाठी कर्ज मागावयास आला की आम्ही त्याला ठरलेले प्रश्न विचारीत असू. यंत्र बसणार कोठे, वीज किती लागणार, पाणी कोठून येणार, चालविणार कोण, बिघडल्यास दुरुस्त कोण करणार आणि शेवटी, किंमत किती? किमतीचा प्रश्न शेवटी का, असे एका तरुण व्यापाऱ्याने मला एकदा विचारले होते. आधीच्या पाच प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज खरी किंमत कळतच नाही, असे मी त्याला सांगितले होते. हेच ज्ञान निवृत्तीनंतर स्वतःच्या स्वयंपाकघरात उपयोगी पडावयास हवे होते. प्रत्यक्षात मी ते वापरले नाही, ही कबुली आरंभीच देतो.

आम्ही बदलापूर पश्चिमेच्या सोनिवलीत राहतो. मुलाचे उल्हासनगरात कापडाचे दुकान आहे, सूनबाई ठाण्याला नोकरी करते. आम्ही उभयता चौविहार पाळतो, त्यामुळे आमचे भोजन सूर्यास्तापूर्वी आटोपते. सूनबाई लोकलने साडेसातला घरी पोहोचते, मुलगा दुकान बंद करून नऊला. म्हणजे रोज सायंकाळी दोन पंगती आणि दोन वेळा भांडी. सकाळी मावशी येतात, पण संध्याकाळची भांडी घरातच घासली जातात. गेल्या दोन वर्षांत सौ.ची बोटे सकाळी आखडू लागली. हिवाळ्यात पातेले उचलताना तिच्या तोंडून नकळत निघणारा उद्गार आम्ही सर्वांनी ऐकला होता, आणि ऐकून न ऐकल्यासारखे केले होते.

शेवटी सूनबाईनेच विषय काढला आणि खरेदीचे काम माझ्याकडे आले. मी दुकानात गेलो आणि आयुष्यभर इतरांना जो प्रश्न शेवटी विचारावयास शिकविले तोच प्रथम विचारला : "बिल्ट-इनमध्ये सर्वांत स्वस्त कोणते?" यंत्र घरी आले. त्याची उंची ८२ सेंटिमीटर आणि आमच्या ओट्याखालची मोकळी जागा ७९ सेंटिमीटर. तीन सेंटिमीटरांनी माझ्या चाळीस वर्षांच्या अनुभवाचे माप काढले. यंत्र परत गेले, नेण्या-आणण्याचा खर्च अंगावर पडला. दोष दुकानदाराचा नव्हता. त्याने माप विचारले होते. मी अंदाजाने सांगितले होते.

त्यानंतर दोन महिने मी हा विषय कर्जप्रकरणासारखा तपासला. त्यातून जे हाती आले ते आपल्या समाजातील कुटुंबांसमोर ठेवीत आहे.

यंत्राची ओळख

भांडी धुण्याच्या यंत्राची कथा आपल्या समाजालाही थोडी जवळची आहे. अमेरिकेतील जोसेफिन कॉक्रेन या गृहिणीने १८८६ साली अशा यंत्राचे पेटंट मिळविले. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने भांडी स्वच्छ करावयाची, हे तिच्या यंत्राचे तत्त्व आजही कायम आहे. १८९३ साली शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात तिची यंत्रे मांडली गेली आणि तेथील उपाहारगृहांनी ती वापरली. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत श्री. वीरचंद राघवजी गांधी यांनी जैन धर्माचे प्रतिनिधित्व केले होते. आपले तत्त्वज्ञान आणि हे यंत्र एकाच वर्षी, एकाच शहरात जगापुढे आले. आपल्या घरांत यंत्र पोहोचावयास मात्र शंभराहून अधिक वर्षे लागली. २०२० च्या टाळेबंदीत घरकामास कोणी येऊ शकेना, तेव्हा भारतातील शहरांत त्याची मागणी एकाएकी वाढली.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. पहिला सुटा, म्हणजे चारही बाजूंनी पत्रा असलेला, कोठेही ठेवता येणारा. दुसरा अर्धा बिल्ट-इन. तो ओट्याखाली कपाटांच्या रांगेत बसतो, पण वरची बटणांची पट्टी बाहेरून दिसते. तिसरा पूर्ण बिल्ट-इन. त्याच्या दारावर आपल्या कपाटासारखाच फळा बसवितात आणि यंत्र आहे हे ओळखूही येत नाही. हा फळा बहुधा यंत्राबरोबर मिळत नाही. तो सुताराकडून करून घ्यावा लागतो, आणि तो ठरलेल्या वजनाहून जड झाला तर दाराची स्प्रिंग त्यास पेलत नाही. समान क्षमतेच्या सुट्या यंत्रापेक्षा बिल्ट-इन सहसा महाग पडते, कारण त्यात यंत्राबरोबर जागेचीही किंमत द्यावी लागते.

म्हणून पहिला सल्ला स्पष्टच देतो. स्वयंपाकघर नव्याने करावयाचे असेल, किंवा जागा इतकी थोडी असेल की प्रत्येक वीत मोलाची आहे, तरच बिल्ट-इनचा विचार करावा. जुना ओटा तसाच ठेवावयाचा असेल आणि ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशिनशेजारी जागा असेल, तर सुटे यंत्र घेऊन उरलेली रक्कम मुदत ठेवीत ठेवावी.

घर मोजावे, मग यंत्र

साधारण बिल्ट-इन यंत्राची रुंदी ६० सेंटिमीटर असते. अरुंद प्रकार ४५ सेंटिमीटरचा मिळतो. उंची साधारण ८१ ते ८२ सेंटिमीटरपासून सुरू होते आणि पाय फिरवून काही सेंटिमीटर वाढविता येते. ती कमी मात्र करता येत नाही. आपल्याकडील ओट्याची उंची मोजताना लोक वरच्या ग्रॅनाइटपर्यंत मोजतात. मोजावयाचे असते जमिनीपासून ओट्याच्या खालच्या बाजूपर्यंत. पुढच्या कडेला ग्रॅनाइटची खाली उतरलेली पट्टी असेल तर त्या पट्टीच्या खालच्या टोकापर्यंत. माझे तीन सेंटिमीटर याच पट्टीत आणि तिच्यामागच्या कडप्प्यात दडलेले होते.

दुसरी अडचण उभ्या कडप्प्यांची. आपले ओटे उभ्या कडप्प्यांवर उभे असतात आणि दोन कडप्प्यांतील अंतर पुष्कळदा ६० सेंटिमीटरहून कमी भरते. गवंडी "कापून देतो" म्हणतो. पण तो आधार काढल्यावर वरच्या दगडाचे वजन कोण पेलणार, याचे उत्तर आधी घ्यावे. आमच्या घरी सिंकच्या डाव्या बाजूचा ओट्याचा तुकडा काढून तेवढाच भाग नव्या आधारावर चार सेंटिमीटर उंच केला. ओट्याला आता एक लहानशी पायरी आहे. दिसावयास ती फार शोभिवंत नाही, पण सौ.ला त्या उंचीवर भाजी चिरताना वाकावे लागत नाही, हा अनपेक्षित लाभ झाला.

यंत्र सिंकच्या शेजारीच असावे. पाणी आणणारी आणि सांडपाणी नेणारी नळी लांब झाली की गळतीचा धोका वाढतो. विजेसाठी अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग हवा, कारण पाणी तापविताना यंत्र सुमारे दोन हजार वॅट वीज ओढते. हा प्लग यंत्राच्या पाठीमागे घेऊ नये, शेजारच्या कपाटात घ्यावा. अन्यथा प्लग काढण्यासाठी संपूर्ण यंत्र बाहेर ओढण्याची वेळ येते.

धुणे संपल्यावर दार उघडले की वाफ वर येते. त्या वाफेने साध्या प्लायवूडच्या कडा फुगतात. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात किंवा आपल्या सुताराकडून कपाट करून घेताना आयएस ७१० हा शिक्का असलेले, पाण्यात टिकणारे प्लाय मागावे आणि ओट्याच्या खालच्या बाजूस यंत्राबरोबर येणारी वाफरोधक पट्टी लावून घ्यावी. पट्टी खोक्यात असते. बसविणारा घाईत असतो.

आपल्या परिसरापुरती आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. उल्हास नदीने २६ जुलै २००५ रोजी आणि पुन्हा २०१९ च्या जुलैत आपली ताकद दाखविली. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली होती, हे आपणा सर्वांना आठवत असेल. ज्यांचे घर तळमजल्यावर आहे आणि ज्यांच्या अंगणात त्या वर्षी पाणी आले होते, त्यांनी बिल्ट-इनच्या भानगडीत पडू नये. सुटे यंत्र दोन माणसे उचलून माळ्यावर नेऊ शकतात. स्क्रूने ओट्याला जखडलेले यंत्र ऐन वेळी निघत नाही.

पाण्याचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न दाबाचा. पाण्याच्या टाकीपासून नळ दहा मीटर खाली असेल तर सुमारे एक बार दाब मिळतो. बहुतेक यंत्रांना किमान ०.३ ते ०.५ बार दाब लागतो. नेमका आकडा माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. याचा अर्थ असा की वरच्या मजल्यावर, टाकीच्या लगेच खाली राहणाऱ्यांचा नळ सर्वांत दुबळा असतो. सदनिका घेताना ज्या उंचीचे जादा पैसे मोजले तिचाच येथे तोटा होतो. अशा घरी लहान प्रेशर पंप बसवावा लागतो आणि त्याचा खर्च यंत्राच्या किमतीत धरावा लागतो.

दुसरा प्रश्न पाण्याच्या जडपणाचा. नळाला नदीचे पाणी येते तोवर फारशी अडचण नसते. उन्हाळ्यात सोसायटी बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी मिसळते, तेव्हा काचेच्या पेल्यांवर पांढरट थर दिसू लागतो. त्यासाठी यंत्रात पाणी मृदू करणारा कप्पा असावा आणि त्यात यंत्राचे खास जाड मीठ घालावे. स्वयंपाकाचे आयोडीनयुक्त मीठ त्यात कदापि घालू नये. पाण्याचा जडपणा मोजण्याची पट्टी स्वस्तात मिळते. एकदा पावसाळ्यात आणि एकदा मे महिन्यात पाणी तपासून यंत्रातील आकडा त्याप्रमाणे बदलावा.

तिसरा प्रश्न पाणी किती लागते हा. एका रविवारी मी सौ. आणि सूनबाई यांच्या मागे बादली घेऊन उभा राहिलो. सकाळपासून रात्रीपर्यंत भांड्यांसाठी पंधरा लिटरच्या साडेचार बादल्या लागल्या, म्हणजे ६५ ते ७० लिटर. आजची यंत्रे पूर्ण भरून इको पद्धतीने चालविली तर एका धुण्यास साधारण १० ते १२ लिटर पाणी घेतात. पाण्याच्या थेंबाथेंबात अप्कायाचे जीव मानणाऱ्या घरात हा फरक केवळ पैशांचा राहत नाही. अर्थात यंत्रात घालण्यापूर्वी प्रत्येक भांडे वाहत्या नळाखाली धुतले तर ही सारी बचत वाहून जाते.

ज्या घरी पाणी गाळूनच वापरण्याचा नियम आहे, त्यांनी यंत्राच्या नळीआधी गाळणी बसवून घ्यावी. नळीतील बारीक जाळी वाळूसाठी असते. आपल्या गळण्याचे काम ती करू शकत नाही. मात्र गाळणीने पाण्याचा दाब कमी होतो, म्हणून पहिला हिशेब पुन्हा तपासावा.

दोन घडींचा नियम

आमच्या घरात खरा वाद मापावरून झाला नाही, किमतीवरूनही नाही. यंत्राची शिफारस करणारे सर्व जण सांगतात की दिवसभराची भांडी आत साठवावीत आणि रात्री एकदाच यंत्र चालवावे. सौ. म्हणाली, "उष्टी ताटे सकाळपासून रात्रीपर्यंत कपाटात बंद करून ठेवायची? मग बोटे दुखली तरी चालतील."

तिचे म्हणणे वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. उष्टे-खरकटे दोन घडींहून, म्हणजे ४८ मिनिटांहून अधिक काळ तसेच राहू नये, हा आपल्या घरांतील जुना दंडक आहे. यंत्राची काटकसर आणि घराची जयणा येथे समोरासमोर उभ्या राहिल्या. लहान लहान धुणी करावीत तर पाणी आणि वीज दुप्पट. साठवावीत तर नियम मोडतो.

मार्ग आमच्या आईच्या वळणात सापडला. ताट धुऊन ते पाणी पिण्याची रीत तिने आम्हा भावंडांना लहानपणी लावली होती. मधल्या काळात ती आमच्याकडून सुटली होती. आता आम्ही चौघेही आपापले ताट-वाटी घोटभर पाण्याने धुऊन पितो आणि मगच यंत्रात ठेवतो. ताटात अन्नाचा कण राहत नाही. स्वयंपाकाच्या पातेल्यांसाठी यंत्रातील केवळ विसळण्याची थंड पाण्याची पद्धत लगेच लावतो. ती सुमारे पाव तासात संपते आणि तीन-चार लिटर पाणी घेते. पूर्ण धुणे दिवसातून एकदाच होते. म्हणून यंत्र घेताना त्यात अशी विसळण्याची आणि अर्ध्या भाराची सोय आहे काय, हे आपल्या कुटुंबांनी आवर्जून विचारावे. अनेक घरांना ही बटणे निरुपयोगी वाटतात. आपल्याला तीच सर्वांत उपयोगी आहेत.

आणखी काही गोष्टी. यंत्र सुरू करण्यापूर्वी आत मुंगी किंवा झुरळ नाही हे पाहावे; आमच्या यंत्राच्या दाराशेजारी एक लहान पुंजणी टांगलेली असते. तळाची जाळी आठवड्यातून एकदा तरी काढून धुवावी, कारण तेथे अडकलेला भाताचा कण कुजतो. बहुतेक पावडरींत एन्झाइम असतात आणि ती सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने तयार होतात. ज्यांना याविषयी विचार करावयाचा आहे त्यांनी वेष्टनावरील घटक वाचून मग निवड करावी. आयंबिलच्या ओळीत तूप-तेल नसल्याने भांडी हलकी असतात. त्या नऊ दिवसांत लहान धुणे आणि निम्मी पावडर पुरते.

क्षमतेविषयीही गैरसमज असतो. "बारा सेटिंगचे यंत्र" म्हणजे बारा माणसांची भांडी नव्हे. ते माप युरोपातील बशा, पेले आणि काटे-चमचे यांचे आहे. आपली ताटे, वाट्या, पातेली, कुकर आणि डबे धरले तर चार-पाच माणसांच्या घराला बारा ते चौदा सेटिंगचे यंत्र योग्य ठरते. दुकानात जाताना घरातील सर्वांत मोठे ताट आणि कढई पिशवीत घालून न्यावी, ती खालच्या जाळीत ठेवून पाहावी आणि फवाऱ्याचा पंखा हाताने फिरवून तो अडत नाही ना, याची खात्री करावी. मला दुकानात थोडे संकोचल्यासारखे झाले. परंतु दोन यंत्रे त्याच परीक्षेत नापास झाली.

स्टील, काच आणि चिनी माती यंत्रात निर्धास्त जाते. अॅल्युमिनियमचा कुकर काळवंडतो, लोखंडी तवा गंजतो, लाकडी पोळपाट-लाटणे तडकते, तांब्या-पितळेची चकाकी जाते. ही भांडी हातानेच घासावी लागतात. आपल्या घरात अशी भांडी निम्म्याहून अधिक असतील तर यंत्र घेऊच नये.

किफायतशीर म्हणजे काय?

आता शेवटचा प्रश्न, किमतीचा. खालील आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपापले घालावेत. समजा यंत्र ४५,००० रुपयांचे आणि ओटा, सुतार, प्लंबर, वायरमन मिळून ९,००० रुपये. एकूण ५४,००० रुपये. आयुष्य दहा वर्षे धरले तर वर्षाला ५,४०० रुपये घसारा. या रकमेवर बुडणारे व्याज ७ टक्क्यांनी, सरासरी निम्म्या रकमेवर, १,८९० रुपये. रोज एक युनिट वीज १२ रुपये दराने धरून वर्षाला ४,३८० रुपये. पावडर, मीठ आणि चकाकीचे द्रव्य मिळून दर धुण्यास १५ रुपये, म्हणजे ५,४७५ रुपये. देखभाल २,००० रुपये. एकूण १९,१४५ रुपये वर्षाला. महिन्यास सुमारे १,६०० आणि दिवसास ५२ रुपये.

या ताळ्यात यंत्राच्या मूळ किमतीचा वाटा वर्षाला ४,५०० रुपये आहे, म्हणजे एकूण खर्चाचा चौथा हिस्साही नाही. पाच हजारांनी स्वस्त यंत्र घेतले तर वर्षाला ५०० रुपये वाचतात. याउलट गोळीऐवजी पावडर वापरून दर धुण्यास पाच रुपये वाचविले तर वर्षाला १,८२५ रुपये वाचतात. मी पहिल्यांदा दुकानात "सर्वांत स्वस्त कोणते" विचारले तेव्हा चौथ्या हिश्श्याची चौकशी केली आणि तीन हिश्शांकडे पाठ फिरविली होती.

विजेचा दर धरताना बिलाची सरासरी घेऊ नये. घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात, त्यामुळे यंत्राचे जादा युनिट आपण ज्या वरच्या टप्प्यात आहोत त्याच दराने लागतात. स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत मिळते. दुपारच्या भोजनानंतर यंत्र चालविणाऱ्या घराला तिचा लाभ घेता येतो.

करांविषयी दोन शब्द. २२ सप्टेंबर २०२५ पासून डिशवॉशरवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. जुन्या दराच्या किमतीशी नव्या किमतीची तुलना करून घ्यावी. आपल्यापैकी काही जण घरची वस्तू दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर घेतात आणि कराचा परतावा लावतात. कायद्याच्या कलम १७(५) नुसार वैयक्तिक उपभोगाच्या वस्तूंवर असा परतावा मिळत नाही. काही हजारांसाठी हिशेबाच्या वहीत असत्य लिहू नये, एवढेच एक जुना बँक कर्मचारी सांगू शकतो.

"बिनव्याजी हप्ते" या शब्दांनाही भुलू नये. शून्य टक्के व्याज अशी वस्तू अस्तित्वात नसते, अशा अर्थाची तंबी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना दिली होती. समजा रोखीने यंत्र ४२,५०० रुपयांना मिळते आणि हप्त्यांनी ५,००० रुपयांचे नऊ हप्ते पडतात. वरचे २,५०० रुपये हेच व्याज, आणि त्याचा वार्षिक दर सुमारे १४ टक्के होतो. म्हणून प्रथम रोखीचा भाव विचारावा, मग हप्त्यांचा.

दुरुस्तीची चौकशी स्वतः करावी. कंपनीच्या सेवाकेंद्राला दूरध्वनी करून आपला पिनकोड सांगावा, ४२१५०३ मध्ये तंत्रज्ञ किती दिवसांत येतो हे विचारावे आणि बिल्ट-इन यंत्र ओट्यातून बाहेर काढण्याचे वेगळे पैसे लागतात काय, तेही विचारावे. उत्तर लेखी मिळाल्यास उत्तम.

जमाखर्चात न बसलेल्या दोन नोंदी

पहिली नोंद मावशींची. यंत्र येणार हे कळल्यावर त्या दोन दिवस गप्प होत्या. आम्ही त्यांना बसवून सांगितले की पगार तोच राहील. आता त्या लोखंडी, पितळी आणि जड भांडी घासतात, आणि भांड्यांचा वाचलेला वेळ धान्य निवडण्यास देतात, जे काम सौ.ला डोळ्यांमुळे जमत नव्हते. आपल्या राज्यात घरकामगारांच्या कल्याणासाठी २००८ साली कायदा झाला. त्याखाली त्यांची नोंदणी होते. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईची ती झाली आहे काय, हे या निमित्ताने पाहावे. यंत्राचा हप्ता तिच्या पगारातून काढावयाचा असेल, तर त्यास काटकसर म्हणता येणार नाही. आपले ओझे आपण तिच्या डोक्यावर ठेवले, इतकेच.

दुसरी नोंद सौ.ची. बादल्या मोजल्या त्याच रविवारी मी घड्याळही लावले होते. संध्याकाळच्या दोन्ही पंगतींची भांडी घासून, पुसून, जागच्या जागी लावण्यास पन्नास मिनिटे लागली होती. एका सामायिकास दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटे लागतात. इतकी वर्षे मी संध्याकाळी सामायिक घेऊन बसत असे आणि स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत असे. त्या आवाजाचा मला कधी त्रास झाला नाही, कारण तो कोणाच्या सामायिकाच्या वेळेतून येतो, हे मी कधी मोजले नव्हते.

यंत्र बसून आता एक चातुर्मास उलटला आहे. संध्याकाळी आमच्या दिवाणखान्यात दोन आसने पसरलेली असतात. वर्षाच्या १९,१४५ रुपयांसमोर जमेच्या बाजूस काय लिहावे, असे कोणी विचारल्यास माझ्याकडे आकडा नाही. परंतु हे कर्जप्रकरण माझ्या टेबलावर आले असते, तर मी ते मंजूर केले असते.